एचआरसीटीच्या रिपोर्टवर ‘आयएलडी’ आलंय, आता पुढे काय?

मेडिसिन वॉर्डात काम करणाऱ्या एका निवासी डॉक्टरांचा प्रश्न आहे. धाप लागते म्हणून दाखल झालेल्या पेशंटच्या एचआरसीटीवर (फुप्फुसाचा बारीक कापांचा सीटी) ‘इंटरस्टिशियल लंग डिसीज’ (आयएलडी, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांमधल्या ऊतींचा आजार) असा शेरा येतो. अशा दाखल पेशंटांमध्ये कोणते प्रकार जास्त दिसतात, ते एकमेकांपासून ओळखायचे कसे, आणि बायोप्सीपर्यंत कधी जायचं? बरीच वर्षं मी हेच पेशंट बघत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट पक्की करू. ‘आयएलडी’ हे निदान नाही. केसपेपरवर निदानाच्या जागी नुसतं ‘ताप’ लिहिलेलं आपल्याला चालत नाही, तसंच हे. या एका शब्दाखाली 200 हून जास्त आजार येतात. काही आठ दिवसांच्या स्टिरॉइडने विरघळतात, काहींत तेच स्टिरॉइड पेशंटला घेऊन जातं. त्यामुळे रिपोर्ट हातात आला की दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे. फुप्फुसात काय झालंय? आणि ते कशामुळे झालंय? पहिल्याचं उत्तर म्हणजे पॅटर्न, आणि ते बहुतेक वेळा सीटी देतो. दुसऱ्याचं उत्तर म्हणजे कारण, आणि ते पेशंटच्या तोंडून, त्याच्या हातांवरून, त्याच्या घरातून आणि औषधांच्या पिशवीतून निघतं. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक चुका या दोन उत्तरांची गल्लत झाल्यामुळे झालेल्या आहेत. यूआयपी (यूज्वल इंटरस्टिशियल न्यूमोनिया) हा पॅटर्न आहे, आयपीएफ (इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस, म्हणजे कारण न सापडता फुप्फुसात व्रणासारखी ऊती तयार होऊन ते आखडणं) हा आजार आहे. यूआयपी संधिवातात दिसतो, जुनाट हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसमध्ये (श्वासावाटे जाणाऱ्या कणांविरुद्ध फुप्फुसाची अ‍ॅलर्जीसारखी प्रतिक्रिया) दिसतो, अ‍ॅस्बेस्टॉसच्या संपर्कानंतरही दिसतो. आयपीएफ म्हणायचं ते हे सगळं शोधून, न सापडल्यावरच.

यातला फरक उपचारात किती महाग पडतो, याचं उदाहरण 2012 सालचं आहे. आयपीएफसाठी प्रेडनिसोलोन, अ‍ॅझाथायोप्रिन आणि एन-असिटिलसिस्टीन हे तीन औषधांचं मिश्रण तेव्हा सर्रास दिलं जायचं. पँथर नावाच्या चाचणीत ते प्लासिबोशी ताडून पाहिलं. औषधं घेणाऱ्या 77 जणांत 8 मृत्यू झाले, प्लासिबोच्या 78 जणांत 1. दाखल व्हावं लागल्याची संख्या 23 विरुद्ध 7. तो गट मध्येच थांबवावा लागला. आपण ज्याला उपचार समजत होतो त्याने नुकसान होत होतं. म्हणून ‘आयएलडी आहे ना, चालू करा स्टिरॉइड’ हे वाक्य राउंडला ऐकलं की मी थांबतो.

आता दाखल पेशंट. साधारण तीन वाटांनी ते आपल्यापर्यंत येतात. पहिल्या वाटेचे पेशंट महिनोन्‌महिने धापेने आणि कोरड्या खोकल्याने त्रासलेले असतात. दमा, हृदयविकार, अ‍ॅनिमिया, वय असं सगळं ऐकून झालेलं असतं, आणि शेवटी एखाद्या संसर्गामुळे ऑक्सिजन घसरतो आणि ते दाखल होतात. दुसऱ्या वाटेचे थोड्या दिवसांत बिघडतात, न्यूमोनिया म्हणून येतात आणि अँटिबायोटिकला दाद देत नाहीत. तिसऱ्यांचा सीटी भलत्याच कारणासाठी काढलेला असतो आणि फुप्फुसाच्या तळाशी जाळीसारख्या रेषा सापडतात. या शेवटच्या गटाला आता इंटरस्टिशियल लंग अ‍ॅबनॉर्मलिटी असं वेगळं नाव आहे. त्यांना लगेच ‘तुम्हाला फायब्रोसिस आहे’ म्हणून घाबरवू नका. फुप्फुसाच्या एखाद्या झोनचा 5 टक्क्यांहून जास्त भाग व्यापला असेल तरच ते नाव लावायचं, आणि मग लक्षणं, तपासणी, फुप्फुसाची क्षमता बघून ठरवायचं की हा लहान स्वरूपातला खरा आजार आहे की नुसतं लक्ष ठेवायचं.

कोणता प्रकार जास्त दिसतो, याचं सगळीकडे लागू पडेल असं एक उत्तर नाही. भारतातल्या 27 केंद्रांच्या नोंदवहीचे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात 1,084 पेशंटांपैकी 47.3 टक्क्यांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, 13.9 टक्क्यांना संधिवात-गटाच्या आजारांमुळे झालेला आयएलडी आणि 13.7 टक्क्यांना आयपीएफ निघाला. युरोप-अमेरिकेतल्या अनेक नोंदवह्यांत आयपीएफचा वाटा याहून बराच मोठा असतो. हवा, घरं, व्यवसाय आणि सिगारेटच्या सवयी वेगळ्या, हे तर आहेच. पण किती बारकाईने विचारपूस केली, यावरही आकडा हलतो असं माझं मत आहे. ज्या वॉर्डात कुणी पक्ष्यांबद्दल विचारतच नाही, तिथे आयपीएफ जास्त ‘सापडतो’. वॉर्डापुरतं सांगायचं तर आयपीएफ, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, संधिवात-गट, सारकॉइडोसिस (ऊतींत आणि ग्रंथींत बारीक गाठी होणारा आजार), आणि औषधांमुळे किंवा धुळीमुळे झालेले आजार एवढे डोक्यात धरले तरी बहुतेक पेशंट त्यात बसतात.

विचारपूस कशी करायची, हे एका पेशंटवरून सांगतो. साठीच्या बाई. पाच महिन्यांत तीनदा ‘न्यूमोनिया’ म्हणून दाखल. दर वेळी चार-पाच दिवसांत ऑक्सिजन लावायची गरज संपायची, अँटिबायोटिकला श्रेय मिळायचं, घरी जायच्या आणि दोन-तीन आठवड्यांत पुन्हा हजर. तिसऱ्या खेपेला मी जुने डिस्चार्ज कार्ड समोर ठेवून बसलो. एकाही वेळी जंतू सापडला नव्हता. ‘घरी पक्षी पाळलेत का?’ हा प्रश्न केसपेपरवर होता, उत्तर ‘नाही’. मी तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला, ‘खिडकीवर, सज्ज्यात पक्षी येतात का?’ बाई गप्प राहिल्या, मुलगा म्हणाला, ‘आईच्या पलंगाच्या मागच्या खिडकीत कबुतरांचं घरटं आहे. तीच साफ करते रोज.’ त्यांचं आधीचं ‘नाही’ हे खोटं नव्हतं. त्यांनी पक्षी पाळले नव्हतेच, आणि आपण विचारलं होतं तेही पाळण्याबद्दलच. दवाखान्यात आल्यावर त्या बऱ्या होत होत्या त्या घरट्यापासून लांब आल्यामुळे.

तेव्हापासून मी ‘आहे का’ असं न विचारता ‘दिवस कसा जातो’ असं विचारतो. सकाळी उठल्यापासून कुठे बसता, काय झाडता, कशाची उशी आहे, भिंतीला ओल आहे का, कूलरचं किंवा ह्युमिडिफायरचं पाणी कधी बदललं, गोठा किंवा कुजलेलं गवत-धान्य जवळ आहे का. फार्मर्स लंग हा आजार ओलसर गवतात वाढणाऱ्या थर्मोफिलिक अ‍ॅक्टिनोमायसीट्समुळे होतो. पक्ष्यांच्या पिसांतली आणि विष्ठेतली प्रथिनं त्याच जातीचा आजार करतात. आताचं कामच नाही, पहिल्या नोकरीपासूनची सगळी कामं विचारा. दगड फोडणं, विहिरी खोदणं, काच, सँडब्लास्टिंग, ओतकाम, बॉयलरचं इन्सुलेशन. सिलिका आणि अ‍ॅस्बेस्टॉस वीस-तीस वर्षांनीही हिशेब मागतात.

औषधांची पिशवी मागवाच, नुसती चिठ्ठी पुरत नाही. अ‍ॅमिओडेरोन, वारंवार होणाऱ्या मूत्रसंसर्गासाठी महिनोन्‌महिने घेतलेलं नायट्रोफ्युरँटॉइन, मेथोट्रेक्सेट, ब्लिओमायसिन, आणि आता कॅन्सरवरचे इम्यून चेकपॉइंट इनहिबिटर. मेथोट्रेक्सेटबद्दल एक सांगतो. त्याने क्वचित तीव्र न्यूमोनायटिस होतो हे खरं. पण संधिवाताच्या पेशंटमध्ये हळूहळू वाढणारं फायब्रोसिस बहुतेक वेळा आजाराचंच असतं. औषधावर ढकलून ते बंद केलं तर सांधे बिघडतात आणि फुप्फुसाला काही मिळत नाही. शिवाय छातीला रेडिएशन झालंय का, रात्री छातीत जळजळ होते का, घरात कुणाला ‘फुप्फुस आखडण्याचा’ आजार होता का, आणि केस तिशीच्या आत पांढरे झाले का, हे विचारा. शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल, पण टेलोमिअरशी संबंधित घराण्यातल्या फायब्रोसिसची ती खूण असू शकते. यकृताचे आणि रक्तपेशींचे त्रास अशा घरात सोबत दिसतात.

तपासताना पेशंटला बसवा, शर्ट वर करा आणि पाठीच्या अगदी तळाशी स्टेथोस्कोप ठेवा. श्वास आत घेण्याच्या शेवटी बारीक, कोरडे, वेल्क्रोची पट्टी हळूच सोडवल्यासारखे आवाज. खोकल्यानंतर ते जात नाहीत. दोन्ही बाजूंना हे ऐकू आले तर छातीचा एक्स-रे स्वच्छ असला तरी एचआरसीटी काढायचा, एवढा माझा त्या आवाजावर विश्वास आहे. सारकॉइडोसिसमध्ये मात्र सीटी भरगच्च असून छाती शांत असते.

मग हात बघा. नखांचं क्लबिंग सगळे बघतात, पण बोटांच्या कडा कोण बघतं? अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या आतल्या कडेला कातडी जाड, भेगाळलेली, मळ बसल्यासारखी दिसली तर ते मेकॅनिक्स हँड असू शकतात, म्हणजे अँटिसिंथेटेज सिंड्रोम (स्नायू, सांधे आणि फुप्फुसांवर शरीराचीच प्रतिकारशक्ती उलटण्याचा आजार). पेशंट सांगतो ‘भांडी घासून झालंय’, आणि आपण मान डोलावतो. थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात का, गिळताना अडकतं का, डोळे-तोंड कोरडं आहे का, सकाळी सांधे किती वेळ आखडतात, जिना चढताना मांड्यांत ताकद आहे का. संधिवात-गटाच्या आजारात फुप्फुस कधीकधी सांध्यांच्या आणि त्वचेच्या आधी बोलतं. त्यामुळे वयाने लहान, त्यातही स्त्री, आणि फायब्रोसिस असं त्रिकूट दिसलं की हे प्रश्न दोनदा विचारा.

आता सीटी. काढतानाच्या चुका इतक्या आहेत की आधी त्याबद्दल बोलणं भाग आहे. कॉन्ट्रास्ट नको, पल्मनरी एम्बोलिझमची शंका असेल तर ती वेगळी गोष्ट. जाडी दीड मिलिमीटर किंवा त्याहून कमी. पूर्ण श्वास भरून. पेशंट दमलेला असतो, श्वास अर्धवट राहतो आणि सगळं फुप्फुस ग्राउंड ग्लाससारखं धुरकट दिसतं. त्यावर ‘अल्व्हिओलायटिस’ लिहून येतं. झोपून काढलेल्या सीटीत पाठीकडचा भाग नुसत्या वजनाने दबलेला दिसतो, म्हणून शंका असेल तर पालथं झोपवून काही चित्रं घ्यायची. खरं फायब्रोसिस तिथेच राहतं, दबलेला भाग उघडतो. आणि श्वास सोडून घेतलेली चित्रं हवीतच, कारण अडकलेली हवा फक्त त्यातच दिसते. ही चित्रं मागितल्याशिवाय मिळत नाहीत, तेव्हा फॉर्मवर लिहा. पायावर सूज, छातीत पाणी आणि जाड झालेले सेप्टा (फुप्फुसातले बारीक पडदे) असतील तर आधी लघवीचं औषध देऊन पाणी काढा आणि मग सीटी पुन्हा बघा. हृदयाच्या पाण्याला आयएलडी म्हटलेलं मी बऱ्याचदा पाहिलंय.

चित्रं समोर आली की मी पहिला प्रश्न विचारतो, फायब्रोसिस आहे का? म्हणजे जाळी, ओढून रुंद झालेल्या श्वासनलिका, मधाच्या पोळ्यासारखी भोकं (हनीकोंबिंग), आकसलेले लोब. नुसतं ग्राउंड ग्लास असेल तर परत फिरण्याची आशा असते. त्याच ग्राउंड ग्लासच्या आतून वेड्यावाकड्या रुंदावलेल्या नलिका जात असतील तर तेही बहुधा फायब्रोसिसच, फक्त डोळ्याला न दिसण्याइतकं बारीक. दुसरा प्रश्न, कुठे? वर की खाली, कडेला की नलिकांभोवती. तिसरा, अजून काय? अडकलेली हवा, गाठी, सिस्ट, फुगलेली अन्ननलिका, प्लुरावरचे (फुप्फुसाच्या आवरणावरचे) पॅच.

यूआयपी म्हणजे तळाशी, प्लुराला चिकटून, उजवीकडे-डावीकडे थोडं कमी-जास्त, एका ठिकाणी पूर्ण नासलेलं आणि शेजारी जवळजवळ निरोगी फुप्फुस, आणि हनीकोंबिंग. हनीकोंबिंग नसून बाकी सगळं तसंच असेल, ओढलेल्या नलिकांसकट, तर ते संभाव्य यूआयपी. 2022 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी या दोघांना निर्णयाच्या दृष्टीने जवळ आणलंय: साठीच्या पुढचा माणूस, कारण कसून शोधूनही न सापडलेलं, चित्र संभाव्य यूआयपीचं, तर बहुतेकांना बायोप्सीची गरज नाही. हनीकोंबिंग ओळखताना मात्र एक फसगत होते. प्लुरालगतच्या एम्फिसीमाच्या पोकळ्या एका रांगेत, बहुधा वरच्या भागात, पातळ भिंतीच्या असतात. त्यांना हनीकोंब म्हणून टाकलं की सिगारेट ओढणाऱ्या माणसाला विनाकारण आयपीएफ चिकटतो.

एनएसआयपी (नॉन-स्पेसिफिक इंटरस्टिशियल न्यूमोनिया) या पॅटर्नमध्ये दोन्ही बाजूंना सारखंच ग्राउंड ग्लास आणि बारीक जाळी, तळाशी, आणि बऱ्याचदा प्लुराच्या लगतची बारीक पट्टी मोकळी सुटलेली. ती मोकळी पट्टी दिसली की मी अन्ननलिकेकडे बघतो. ती फुगलेली असेल तर सिस्टेमिक स्क्लेरोसिसची शंका घेतो. एनएसआयपी दिसला की कारण सापडेपर्यंत संधिवात-गटाचा शोध सोडायचा नाही.

हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस 2020 पासून फायब्रोटिक आणि नॉनफायब्रोटिक असा दोन भागांत बघतात. आधीचं तीव्र-जुनाट वर्गीकरण पेशंटचं पुढे काय होणार हे सांगत नव्हतं. नॉनफायब्रोटिकमध्ये लोब्यूलच्या मध्यभागी पुसट, कापसाच्या बोळ्यासारख्या गाठी सगळीकडे पसरलेल्या. फायब्रोटिकमध्ये एकाच चित्रात तीन छटा शेजारी शेजारी: धुरकट भाग, निरोगी भाग आणि हवा अडकून काळा पडलेला भाग. तळाचा कोपरा तुलनेने वाचलेला असतो. त्या बाईंच्या सीटीत हेच होतं आणि आधी दोनदा दाखल असतानाच्या चित्रांतही होतं. श्वास सोडून घेतलेली चित्रं नसल्यामुळे कुणाच्या नजरेला आलं नाही.

ऑर्गनायझिंग न्यूमोनिया वॉर्डात सगळ्यात जास्त न्यूमोनिया म्हणून फसवतो. ताप, खोकला, दोन्हीकडे कन्सॉलिडेशन (फुप्फुसाचा भाग भरून घट्ट पांढरा दिसणं), अँटिबायोटिकचे दोन कोर्स, आणि पुढच्या सीटीत पॅच जागा बदललेले. जागा बदलणं ही त्याची ओळख. कधी पांढऱ्या कड्याच्या आत धुरकट भाग असं उलटं वलय दिसतं. स्टिरॉइडला तो काही दिवसांत वितळतो, पण घाईने कमी केलं की परततो.

सारकॉइडोसिसच्या गाठी नलिकांवर, फिशरवर, प्लुरावर, म्हणजे लिम्फच्या वाटेवर असतात, वरच्या-मधल्या भागात, दोन्ही हायलममध्ये सारख्या वाढलेल्या ग्रंथींसह. जिथे टीबी भरपूर आहे तिथे हे पेशंट आधी टीबीची औषधं घेऊन येतात. थुंकीत किंवा ऊतीत जंतूचा पुरावा नाही, ट्युबरक्युलिन चाचणी पूर्ण निगेटिव्ह, वजन फारसं उतरलेलं नाही, पेशंट चित्राच्या मानाने बरा, तर पुन्हा विचार करा. सिलिकोसिसही वरच्या भागातच दिसतो, पण त्यात ग्रंथींना अंड्याच्या टरफलासारखं कॅल्शियम असू शकतं, आणि या पेशंटला टीबी खरोखर होण्याची जोखीमही जास्त असते, त्यामुळे तिथे दोन्ही शोधायचे.

बाकीचे क्वचित. तरुण स्त्री, सगळीकडे एकसारख्या गोल सिस्ट, फुप्फुस फुटलेलं असेल तर लिम्फॅन्जिओलायओमायोमॅटोसिस. सिगारेट ओढणारा, वरच्या भागात वेड्यावाकड्या सिस्ट तर लँगरहान्स सेल हिस्टिओसायटोसिस. शोग्रेनच्या पेशंटमध्ये थोड्या सिस्ट आणि ग्राउंड ग्लास तर एलआयपी (लिम्फोसायटिक इंटरस्टिशियल न्यूमोनिया). एवढं लक्षात असलं तरी पुरे.

रक्ताच्या तपासण्या सरसकट दोन पानांच्या करू नका, पण काही सगळ्यांच्याच कराव्या लागतात: एएनए टायटर आणि पॅटर्नसह, र्‍हुमॅटॉइड फॅक्टर, अँटि-सीसीपी, सीपीके (स्नायूंचं एन्झाइम), ईएसआर, सीआरपी, यकृत-मूत्रपिंड. पुढची पायरी लक्षणांवर: एससीएल-70, एसएसए-रो, मायोसायटिस पॅनेल. एक सावधगिरी, अँटिसिंथेटेजमध्ये एएनए निगेटिव्ह येऊ शकतो, कारण त्या प्रतिपिंडाचं लक्ष्य पेशीच्या केंद्रकात नसून बाहेर सायटोप्लाझममध्ये असतं. रिपोर्टच्या तळाशी ‘सायटोप्लाझमिक’ लिहिलेलं असतं, ते वाचा.

फुप्फुसाची क्षमता पेशंट जरा स्थिर झाल्यावर मोजा. एफव्हीसी (जोरात सोडलेला पूर्ण श्वास) कमी, एफईव्ही1 (त्यातला पहिल्या सेकंदाचा भाग) आणि एफव्हीसीचं गुणोत्तर नॉर्मल किंवा वाढलेलं, डीएलसीओ (फुप्फुसातून रक्तात वायू जाण्याची क्षमता) कमी. स्पायरोमेट्री नॉर्मल आली म्हणून सोडू नका. डीएलसीओ बऱ्याचदा आधी पडतो. एम्फिसीमा आणि फायब्रोसिस एकत्र असेल तर एक फुगवतो, दुसरा आकसतो, आकडे नॉर्मल दिसतात आणि डीएलसीओ मात्र फार खाली असतो. वॉर्डात काहीच नसेल तर पेशंटला बोटाला ऑक्सिमीटर लावून कॉरिडॉरमध्ये चालवा. बसल्या जागी 96 असणारा माणूस दोन फेऱ्यांत 86 वर येतो. नातेवाइकांना तोपर्यंत वाटत असतं की तो आळस करतोय. तो आकडा त्यांनी पाहिला की घरातलं वातावरण बदलतं.

झपाट्याने बिघडणारा पेशंट हा दाखल पेशंटांमधला सगळ्यात अवघड. आधीचा आयएलडी असेल तर पहिला शब्द ‘एक्झॅसर्बेशन’ तोंडात येतो. 2016 च्या व्याख्येनुसार साधारण महिन्याभराच्या आत वाढलेली धाप, सीटीवर जुन्या फायब्रोसिसवर दोन्हीकडे नवं ग्राउंड ग्लास किंवा कन्सॉलिडेशन, आणि हृदयाच्या किंवा जादा पाण्याच्या बिघाडाने पूर्ण उलगडा न होणं. म्हणजे आधी इको, बीएनपी, एम्बोलिझमसाठी सीटी अँजिओ, न्यूमोथोरॅक्ससाठी एक्स-रे, थुंकी आणि विषाणूंच्या तपासण्या. स्टिरॉइडवर असणाऱ्यांत न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया हुबेहूब तसाच दिसतो आणि त्याला औषध आहे, म्हणून तो हुकवायचा नाही. आयपीएफमध्ये खरं एक्झॅसर्बेशन झालं तर त्यानंतरचं मध्यमान आयुष्य तीन ते चार महिन्यांचं असतं. व्हेंटिलेटरवर जाण्याआधी पेशंटशी आणि घरच्यांशी बोलणं तेव्हाच व्हायला हवं, पेशंट बोलू शकत असताना.

आधी काहीच नव्हतं आणि दहा-वीस दिवसांत हे झालं, तर ऑर्गनायझिंग न्यूमोनिया, तीव्र हायपरसेन्सिटिव्हिटी, औषध, तीव्र इओसिनोफिलिक न्यूमोनिया, रक्तस्राव असे पर्याय धरा. यातल्या एका आजाराने माझी झोप उडवलेली आहे. तळहातावर दुखऱ्या लालसर पुटकुळ्या किंवा बोटांच्या सांध्यांवर व्रण, स्नायूंत ताकद पूर्ण, सीपीके नॉर्मल, फेरिटिन मात्र चढलेलं: हा एमडीए5 प्रतिपिंडांचा डर्मॅटोमायोसायटिस असू शकतो. स्नायू ठीक म्हणून मायोसायटिसचा विचार होत नाही आणि फुप्फुस काही आठवड्यांत संपतं. इथे पॅनेलच्या रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही. संसर्गाचे नमुने घेऊन त्याच दिवशी र्‍हुमॅटॉलॉजिस्टला बोलवा आणि एकापेक्षा जास्त औषधांचा उपचार सुरू करायचा का, ते त्याच दिवशी ठरवा.

ब्रॉन्कोस्कोपी कधी? चित्र स्पष्ट यूआयपीचं असेल तर लव्हाजने (फुप्फुसाचा भाग सलाइनने धुऊन ते पाणी तपासणं) काही वाढत नाही. संसर्ग, हायपरसेन्सिटिव्हिटी किंवा इओसिनोफिलिया यांची शंका असेल तर उपयोग होतो. लव्हाजमध्ये लिम्फोसाइट 30 टक्क्यांच्या वर गेले तर हायपरसेन्सिटिव्हिटीकडे पारडं झुकतं. इओसिनोफिल 25 टक्क्यांच्या वर गेले तर तीव्र इओसिनोफिलिक न्यूमोनिया. पाणी दुधासारखं आलं तर प्रोटिनोसिस (हवेच्या पिशव्यांत प्रथिनं साचण्याचा आजार). सारकॉइडसाठी ग्रंथीतून सुईने घेतलेला नमुना पुरतो. आणि त्वचेवर गाठ किंवा गळ्यात ग्रंथी असेल तर आधी तिथूनच तुकडा घ्या, फुप्फुसाला हात लावायची गरजच उरत नाही.

शस्त्रक्रियेने घ्यायच्या बायोप्सीबद्दल मी सावध आहे. अमेरिकेतल्या 2000 ते 2011 च्या नोंदींत ठरवून केलेल्या बायोप्सीनंतर रुग्णालयातले मृत्यू 1.7 टक्के होते, आणि तातडीने, दाखल असताना केलेल्यांत 16 टक्के. दाखल पेशंट म्हणजे आपला हा दुसरा गट. ऑक्सिजनवर असलेल्या, डीएलसीओ फार पडलेल्या, फुप्फुसाचा रक्तदाब वाढलेल्या माणसाला तुकड्यासाठी पाठवू नका. स्थिर, कमी वयाच्या, चित्र अस्पष्ट असलेल्या आणि उत्तराने उपचार बदलणार असेल अशाच पेशंटला बायोप्सी. अनुभवी केंद्रात 2022 पासून क्रायोबायोप्सी (ब्रॉन्कोस्कोपमधून गोठवून घेतलेला तुकडा) हा शस्त्रक्रियेचा मान्य पर्याय आहे.

बायोप्सी झाली तरी स्लाइड एकटी निकाल देत नाही. छातीरोगतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट, शक्यतो र्‍हुमॅटॉलॉजिस्ट आणि गरजेनुसार पॅथॉलॉजिस्ट यांनी एकत्र बसून ठरवायचं. अशी बैठक तुमच्याकडे नसेल तर रेडिओलॉजिस्टच्या शेजारी खुर्ची ओढून बसा आणि पेशंटची हकीकत सांगा. मी पाहिलंय, कबुतरांची खिडकी कळल्यावर तीच चित्रं वेगळी वाचली जातात. तरीही काही पेशंट कोणत्याच कप्प्यात बसत नाहीत. तिथे ‘सध्या वर्गीकरण होत नाही’ असं प्रामाणिकपणे लिहा आणि वेळेला साक्षीदार करा. आयपीएफ सोडून इतर फायब्रोटिक आजारांत वर्षभराच्या आत लक्षणं वाढणं, सीटीवर फायब्रोसिस वाढणं, आणि एफव्हीसी 5 किंवा डीएलसीओ 10 टक्के गुणांनी घसरणं, या तिन्हींपैकी दोन गोष्टी घडल्या आणि दुसरं कारण नसेल, तर ते वाढतं फायब्रोसिस. त्यासाठी निंटेडानिबचा पुरावा 2019 पासून आहे. आयपीएफसाठी पिरफेनिडोन आणि निंटेडानिब यांच्या मोठ्या चाचण्या 2014 मध्ये आल्या. ही औषधं घसरण मंदावतात, गेलेलं फुप्फुस परत आणत नाहीत. पेशंटला हे आधी सांगा, नाहीतर तीन महिन्यांनी ‘काही फरक नाही’ म्हणून तो स्वतःच बंद करतो.

त्या बाईंचं घरटं काढलं, खिडकीला जाळी लावली, खोली आणि गाद्या दुसऱ्या कुणीतरी धुतल्या, त्या काळात त्या बहिणीकडे राहिल्या. थोडे दिवस स्टिरॉइडही दिलं. नंतर न्यूमोनिया म्हणून दाखल झाल्या नाहीत, पण तळाशी फायब्रोसिस राहिलं आणि भराभर चालल्यावर ऑक्सिजन अजून उतरतो. पहिल्यांदा दाखल झाल्या तेव्हाच कळलं असतं तर कदाचित एवढंही राहिलं नसतं.

म्हणून डिस्चार्ज कार्डवर ‘आयएलडी, फॉलोअप चेस्ट ओपीडी’ एवढंच लिहू नका. पॅटर्न काय दिसला, कारणाची कोणती शंका आहे आणि कोणतं कारण विचारून बाद केलं, चालताना ऑक्सिजन किती झाला, स्टिरॉइड दिलं असेल तर किती आणि कसं कमी करायचं, कोणते रिपोर्ट यायचे राहिलेत, हे सगळं लिहा. आणि सीटीची सीडी पेशंटच्या हातात द्या. नुसत्या रिपोर्टवरून पुढच्या डॉक्टरला चित्रांची तुलना करता येत नाही.